बणसिल्याच्या अंगणातले कान

उज्जैन, १८ सप्टेंबर २०२४

चि. मृण्मयी,

आधी ओळख करून देते. मी तुझी आजी. फ्रीगंजात, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत राहते. वय चौऱ्याऐंशी. समोरचे दोन दात सोडले तर बाकी सगळी शाबूत आहे. तू लहान असताना आम्ही तुला ओळखत होतो. तूही आम्हाला ओळखायचीस, असं लोक सांगतात. दोन महिने तुझी चिठ्ठी नाही, तेव्हा म्हटलं डोंगराच्या हवेने माणसाचं डोकं अगदीच साफ होत असेल.

तिथे फोन लागत नाही, हे तुझ्या बाबाने सांगितलं. बरंच झालं. फोनवर तू नुसतं "हं, हं" करतेस. चिठ्ठीत पानभर "हं" लिहायला तुलाही लाज वाटेल.

मला अक्षर येत नाही, हे आठवत नसेल तर नव्याने समजून घे. वर राहणारी कल्पना लिहून राहिली आहे. बँकेतून रिटायर झाल्यापासून तिला लिहायला काही मिळत नाही. मी बोलते तस्संच लिही, असं बजावलंय, तरी मध्ये आपलं घुसवते.

(काकू दर दोन ओळींनी परत वाचायला लावतात. तब्येत ठीक आहे. — कल्पना)

बघ.

आता मुद्द्याचं. गल्लीत सगळे विचारतात, नात काय करते? मी सांगते, डोंगराला धमाके लावते. परवा एक बाई म्हणाली, "फिर शादी कब करेगी?" धमाक्याचा आणि लग्नाचा संबंध तसा आहे, पण मी बोलले नाही.

तेव्हा नक्की काय चाललंय ते मला समजेल असं लिही. मी अडाणी आहे, मूर्ख नाही. आणि दिवाळीला येणार की नाही, तेही.

तुझी (आठवत असेल तर) आजी


बणसिला कॅम्प, उत्तराखंड
२७ सप्टेंबर

प्रिय आजी,

दोन दात सोडून बाकी सगळ्या आजीला साष्टांग नमस्कार.

चुकले. इथून आठवड्यातून एकदा जीप खाली जाते, तीच टपाल नेते, आणि मी नेमकी त्या दिवशी कुठल्या तरी कड्यावर असते. हे कारण आहे. बहाणा वाटला तर तसंही समज.

काम असं. आमच्या डोक्यावर बणसिला नावाचं गाव आहे, तीस-पस्तीस घरांचं. त्याच्या खालून, डोंगराच्या पोटातून, रस्त्याचा बोगदा जायचा आहे. खोदण्याआधी आत खडक कसा आहे ते कळायला हवं. अखंड असेल तर प्रश्न नाही. चुरा झालेला असेल आणि न कळता कोणी खोदलं, तर वरची घरं खचतील आणि गावाचा एकुलता एक झरा आटेल.

आत डोकावता येत नाही, म्हणून ऐकायचं. जमिनीत भोक पाडून छोटा धमाका करायचा. त्याची लाट आत जाते, थरांवर आपटून परत वर येते. वर ओळीने जिओफोन खोचलेले असतात, मुठीएवढे, खाली खिळा असलेले. ते जमिनीचे कान. घट्ट खडकातून लाट धावत येते, भुसभुशीत जागेतून रखडत.

मैदानात हे सोपं आहे, सरळ ओळ आखली की झालं. डोंगरात लाट उतारावरून घसरते, कड्यावर फुटते, भलत्याच बाजूने परत येते. म्हणून धमाका कुठे आणि कान कुठे, हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी मी कॉम्प्युटरमध्ये हाच डोंगर बनवलाय आणि त्यात लाटा सोडून बघते. खरा धमाका अजून एकही केलेला नाही, तेव्हा गल्लीतली माझी बदनामी थांबव.

अडचण एकच आहे. गाव आम्हाला वर येऊ देत नाही. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी रस्त्यासाठी सुरुंग लावले आणि झरा तीन महिने गढूळ आला. तेव्हापासून सर्व्हे म्हटलं की फाटक बंद. धमाके खाली नदीकाठी होतील, तुमच्या गावात नुसते कान ठेवायचेत, हे परोपरीने सांगून झालं. कंपनीने घरोघर सोलर कंदील आणि नाव छापलेले टी-शर्ट वाटले. कंदील घेतले. फाटक बंदच.

दिवाळीचं अजून नक्की नाही.

तुझी मृण्मयी


उज्जैन, ५ ऑक्टोबर

चि. मृण्मयी,

पत्र पोचलं. कल्पनाने तीनदा वाचलं. एकदा मला, एकदा जिन्यात उभ्या शेजारणीला, आणि एकदा मनात, स्वतःसाठी.

म्हणजे डोंगर खोटा, धमाका खोटा, लाट खोटी. पगार तरी खरा देतात ना? तुझे आजोबा छत्तीस वर्षं रेल्वेत होते. जेवताना मनातल्या मनात गाडी चालवायचे, वळण आलं की वाटी सरकवायचे, पण त्याबद्दल त्यांना कोणी कॅम्प आणि जीप दिली नाही.

एक विचारते. हा खोटा डोंगर तूच बनवलास ना? मग त्याच्या पोटात काय आहे ते तूच भरलं असशील. जे तूच ठेवलंस, ते शोधायला दिवसभर लाटा कशाला सोडतेस? मी स्वतःच डब्यात ठेवलेली सुपारी शोधत बसते, ती म्हातारपणामुळे. तुझं वय एकोणतीस आहे.

(हा प्रश्न काकूंनी भाजी निवडता निवडता विचारला. मी अठ्ठावीस वर्षं कॅशियर होते, माझ्या डोक्यात आला नाही. — कल्पना)

गावचे लोक मला आवडले. कंदील घेतला, फाटक उघडलं नाही. शिकलेली माणसं असती तर उलटं केलं असतं.

मागची खोली झाडून घेतली आहे. तुझ्यासाठी वगैरे नाही, झाडायचीच होती.

आजी


बणसिला कॅम्प
१३ ऑक्टोबर

प्रिय आजी,

तुझा प्रश्न मी आमच्या प्रमुखांना, शैलेंद्र सरांना, वाचून दाखवला. ते म्हणाले, "या बाईंना इंटरव्ह्यूला बोलवा."

उत्तर असं. खोट्या डोंगरात गावाच्या खाली मी मुद्दाम एक चुऱ्याचा पट्टा लपवते. मग माझ्या आखणीप्रमाणे धमाके करून, कान लावून, परत आलेल्या लाटांवरून आतलं चित्र काढते. लपवलेला पट्टा चित्रात उमटला तर आखणी बरोबर. नाही उमटला, तर खऱ्या डोंगरात असला तरी दिसणार नाही.

गावात कान ठेवून बघितलं. पट्टा दिसला. गाव वगळून बघितलं. पट्टा गायब, त्या जागी गुळगुळीत, अखंड खडक. माझ्याच हाताने ठेवलेली वस्तू मला सापडली नाही. सुपारीची चेष्टा केली होतीस ना, घे.

पण आता चांगली बातमी! सर म्हणतात, फाटक उघडायची वाट बघत बसलो तर बर्फ पडेल. तेव्हा ओळ गावापुरती तोडायची, आणि दोन्ही बाजूंच्या नोंदींवरून मधलं गणिताने भरून काढायचं. पुष्कळ ठिकाणी असं करतात. आखणीवर मी सही केली की इथलं काम संपलं. मुदत पंधरा नोव्हेंबरपर्यंत आहे, पण थांबून करायचंय काय? सही करते, सव्वीसला निघते, अठ्ठावीसला घरी. चिवडा जास्त कर.

बाकी मी मजेत. हवा छान आहे, जेवण छान आहे, सगळं छान आहे.

तुझी मृण्मयी


उज्जैन, २० ऑक्टोबर

चि. मृण्मयी,

तुझ्या पत्रात शेवटी तीन वेळा "छान" आलं. दहावीत गणिताचा पेपर देऊन आलीस तेव्हा दोनदा म्हणाली होतीस, आणि पंचेचाळीस पडले होते. या वेळी तीनदा, म्हणून मी कल्पनाला थांबवलं, पाणी प्याले आणि मागचं पुन्हा वाचायला लावलं.

गेल्या वर्षी आपल्या गल्लीत कुठलासा यादीवाला आला होता, कोणाच्या घरी किती माणसं ते लिहायला. कल्पनाचा जिना उन्हात चढायचा त्याला कंटाळा. डावीकडच्या घरी विचारलं, तीन मुलं. उजवीकडच्या घरी विचारलं, तीन मुलं. मग मधल्या कल्पनालाही तीन मुलं लिहिली आणि चालता झाला. कल्पनाचं लग्न झालेलं नाही.

(नंतर मला मुलांना डोस पाजायला आणा म्हणून निरोप आला होता. — कल्पना)

यालाच तुझे सर गणिताने भरून काढणं म्हणत असतील. त्या यादीवाल्याचे ते कोण लागतात, विचारून कळव.

मला सही येत नाही. आयुष्यभर अंगठा लावला. पण कागदावर काय लिहिलंय ते दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेतल्याशिवाय एकदाही लावला नाही. तुझे आजोबा चिडायचे तरी. तुला वाचता येतं, लिहिता येतं, आणि त्या जागी काही दिसत नाही हेही तूच बघितलंस. तरी सही करतेस. मग एवढं शिकून काय फरक पडला? अंगठा स्वस्त होता.

आता ऐक. चौसष्ट साली मी कऱ्हाडहून या गल्लीत आले. सगळी माळव्याची घरं, आणि माझं हिंदी "पानी" आणि "नहीं" एवढंच. ओळख व्हावी म्हणून लाडू केले, घरोघर दिले. सगळ्या गोड हसल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटल्यांत मठरी घालून परत आल्या. फिटलं. दारं बंद. असे सहा महिने गेले. मग एकदा माझं विरजण बिघडलं. रिकामी वाटी घेऊन समोरच्या घरी गेले, खुणेनेच दही मागितलं. तिने चमचाभर जामन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई माझ्या ओट्यावर हजर, "जमा क्या?" तिचं दही माझ्या घरात होतं ना, तिला चैन पडेना. नव्हतं जमलं. मग दूध किती कोमट हवं ते दाखवायला ती थेट स्वैपाकघरात शिरली, त्यात बोट बुडवलं. त्यानंतर पन्नास वर्षं ती त्या स्वैपाकघरात येत होती.

तुम्ही कंदील देताय, टी-शर्ट देताय. देणाऱ्याला कोण घरात घेतं? तो काहीतरी न्यायलाच आलेला असतो. तू वाटी घेऊन जा. मागायला. एकटी जा, कंपनीची टोपी काढून.

दिवाळीला येऊ नकोस. चिवडा मी करणारच नव्हते.

आजी

(पातळ पोहे आणून, निवडून, उन्हात ठेवून झालेत. तुझ्यासाठीचा डबा घासून वेगळा ठेवलाय. हे मी काकूंना वाचून दाखवणार नाही. — कल्पना)


बणसिला कॅम्प
१० नोव्हेंबर

प्रिय आजी,

सही केली नाही. सरांना म्हटलं, मुदत पंधरापर्यंत आहे, मी पंधरापर्यंत थांबणार. "कशासाठी?" म्हणाले. मी म्हटलं, "विरजणासाठी." त्यांनी मला दोन दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं. ती मी वर जाण्यात घेतली.

फाटकाजवळ पहिलं घर सुरमादादींचं. तुझ्याच वयाच्या असतील. मी वाटी पुढे केली, "दादी, थोड़ा जामन मिलेगा?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. सर्व्हेवाल्यांना आत घ्यायचं नाही असं गावात ठरलंय. वाटीवाल्यांबद्दल काही ठरलेलं नाही. दिलं.

जमलं नाही. इथे थंडी किती! दुसऱ्या दिवशी परत गेले. तेही नाही जमलं. तिसऱ्या दिवशी दादींनी माझ्याकडे असं बघितलं, की दहावीचा पेपर आठवला. चौथ्या दिवशी काठी टेकत स्वतःच कॅम्पवर आल्या, माझं दूध तपासायला. भांडं हातात घेतलं, माझ्या उशीजवळचं कांबळं ओढलं, त्यात गुंडाळून ठेवलं आणि म्हणाल्या, "ठंड में बच्चे को ऐसे ही नंगा सुलाओगी?"

मग त्यांचं लक्ष माझ्या कॉम्प्युटरकडे गेलं. मी सांगितलं, हा तुमचाच डोंगर. त्यांनी बोट लावून नदी ओळखली, देवीच्या देवळाची डोंगरधार ओळखली, बोट वर वर नेत गेल्या आणि थांबल्या. "हमारा गाँव कहाँ है?" तिथे राखाडी पट्टी होती. मी खरं ते सांगितलं. गाव सोडून दिलंय, आजूबाजूच्या नोंदींवरून भरणार.

आजी, अशा चिडल्या! "हमारे नीचे क्या है, ये बगल वाले बताएँगे?" मग खाली बसून त्यांनी सांगितलं. त्यांच्या सासूच्या लहानपणी वरचा अख्खा उतार खाली आला होता. सात घरं त्यात गेली. आताचं गाव त्याच मातीवर बसलंय. हे आमच्या कुठल्याच नकाशात नाही.

आज गावाची बैठक आहे. दादी बोलणार आहेत. जीपवाला हॉर्न वाजवतोय, म्हणून पत्र बंद करते. बैठकीत नाही म्हणाले, तर पंधरा तारखेला तोडलेल्या ओळीवर माझी नाही तर दुसऱ्या कोणाची सही होईलच, असं सरांनी स्पष्ट सांगितलंय.

दही आज सकाळी जमलं.

तुझी मृण्मयी


उज्जैन, १८ नोव्हेंबर

चि. मृण्मयी,

बैठकीत काय ठरलं ते माहीत नसताना कोणी पत्र बंद करतं का? जीपवाल्याला चहा पाजायचा, तेवढ्यात बैठक झाली असती. पंधरा तारीख होऊन गेली. मला इथे बसल्या बसल्या त्या सात घरांची नावं काय असतील, असले विचार येऊन राहिले आहेत, जसं काही माझ्या माहेरचंच गाव आहे.

मी मागायला जा म्हटलं होतं, चार दिवस नापास हो असं नव्हतं सांगितलं. पण चाललं ते, असं दिसतं.

ती सुरमा माझ्या वयाची असून काठी टेकत डोंगर उतरते, हे लिहायची एवढी गरज नव्हती. तिला सांग, मी पण कल्पनाचा जिना चढते-उतरते.

दिवाळी छान झाली. एकदाच म्हटलंय, मोजून घे.

एक ओळ लिही. कल्पना रोज पोस्टमनला अडवते. तो आता दुसऱ्या गल्लीने जातो.

आजी


बणसिला कॅम्प
१४ डिसेंबर

प्रिय आजी,

सही केली. गावासकट आखणीवर.

बैठक चार तास चालली. दादी एवढंच म्हणाल्या, की या मुलीला दही लावता येत नाही, पण ती खोटं बोलत नाही. गाव हो म्हणालं, पण एका अटीवर: प्रत्येक धमाक्यानंतर झऱ्याचं पाणी दादी बघणार, आणि त्यांनी हात वर केला तरच पुढचा धमाका. पंधरा तारखेला दुपारी सरांनी तोडलेल्या ओळीचा कागद पुढे केला आणि मी गावासकटची आखणी समोर ठेवली, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. त्यांनाही मनातून तेच हवं होतं असं मला आता वाटतं. कबूल करणार नाहीत.

अंगणांत, गोठ्यांमागे, देवळाच्या पायरीपाशी मिळून चाळीस कान खोचले. ते इतके तिखट, की गाय चालली तरी नोंद बिघडते. म्हणून शिट्टी झाली की सगळं गाव जागच्या जागी थांबायचं. गुरांच्या गळ्यातल्या घंटांना चिंध्या बांधल्या. पाणचक्की बंद. बाया हातातली कणीक तशीच धरून बसायच्या. खाली नदीकाठी धमाका व्हायचा आणि वर सगळी माणसं श्वास धरून, आपल्या पायाखाली काय आहे ते ऐकू येईल म्हणून थांबलेली. मग दादी लोटा भरून उजेडात धरायच्या. पाणी स्वच्छ. हात वर. असं चार दिवस.

लाट उशिरा आली, आजी. गावाच्या दोन्ही बाजूंना धावत आली आणि गावाखाली रखडली. चुऱ्याचा पट्टा खरंच आहे, मी खोट्या डोंगरात लपवला होता त्याच्या दुप्पट रुंद. परवा कळलं, बोगदा साडेतीनशे मीटर आत, पक्क्या खडकात सरकवायचा ठरलाय. अहवालात सरांनी "आमच्या नियोजनानुसार" असं लिहिलंय.

गावात सांगायला मी धावत गेले. वाटलं, मिठी मारतील. दादी म्हणाल्या, "नीचे कच्चा है, ये तो हमको पता ही था. अब तुमको भी पता है." आणि मला गहतची डाळ आणि भात वाढला. तांबूस, घट्ट डाळ होती, तिसऱ्यांदा मागून घेतली.

आता वाईट बातमी. बोगदा सरकला म्हणजे नवी ओळ, नवी आखणी. ती मलाच करायची आहे. मार्चपर्यंत इथेच. संक्रांतीला येत नाही. हे सरळ सांगते, मध्ये काही न घालता.

तुझी मृण्मयी


उज्जैन, २३ डिसेंबर

चि. मृण्मयी,

म्हणजे अक्कल मी शिकवली, आणि दिवाळीपाठोपाठ संक्रांतही माझीच गेली. यापुढे कोणाला काही सांगायचं तर आधी कॉम्प्युटरमध्ये घालून बघावं म्हणते.

ते साडेतीनशे मीटर म्हणजे किती, ते मी कल्पनाला विचारलं. ती म्हणाली, आपल्या दारापासून टावर चौकापर्यंत. मी म्हटलं, एवढंसंच? एवढ्यासाठी पोरगी चार महिने थंडीत? मग ओट्यावर बसले आणि चौकाकडे बघत एकेक दार धरत गेले.

(काकूंनी चौकापर्यंतचं प्रत्येक घर नावानिशी मोजलं. कोण कुठल्या खोलीत झोपतं, कोणाच्या घरी रांगतं मूल आहे, तेही. मग म्हणाल्या, "बरोबर सरकवलाय." — कल्पना)

तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. त्यांच्या नियोजनानुसारच सांगितलाय.

सुरमाला सांग, माझ्या नातीला दही लावता येत नाही हे सगळ्या गावासमोर बोलायचं काम नव्हतं. खरं असलं तरी. ते ऐकून मी दोन दिवस तिच्यावर रागावून होते, ती भेटली असती तर बरं झालं असतं.

आता ती गहत. कल्पनाने फोनमध्ये बघून सांगितलं, ते आपले कुळीथ. साठ वर्षं झाली, या माळव्यात मला मनासारखे कुळीथ मिळाले नाहीत, आणि तू तिथे तीन तीन वेळा मागून खाऊन राहिली आहेस. जीप पुढच्या वेळी खाली जाईल तेव्हा दोन किलो पाठव. बाजारातले नकोत, सुरमाच्या शेतातले. आणि निवडून, पाखडून पाठवायचा शहाणपणा करू नकोस. खड्यांसकट पाठव. मार्चपर्यंत मलाही सूप घेऊन ओट्यावर बसायला काहीतरी हवं.

आजी